लॅमिंग्टन रोडवरचा ड्रॅक्युला

'ड्रॅक्युला' हा ब्रिटिश चित्रपट मे १९५८ मध्ये लंडनमध्ये प्रदर्शित झाला. हॅमर फिल्म्स या छोट्या कंपनीने तो काढला होता आणि टेरेन्स फिशर त्याचे दिग्दर्शक होते. लांबी अवघी ८२ मिनिटे. त्यानंतर रक्तपिपासू पिशाच्चावर असंख्य चित्रपट निघाले आणि त्यांतले कित्येक तंत्राने सरस होते. तरीही ड्रॅक्युला म्हटले की काळा झगा, लालबुंद डोळे आणि ओठांवरून ओघळणारे रक्त असे जे रूप बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते, ते याच चित्रपटातल्या क्रिस्टोफर लीचे असते.

या चित्रपटाचा एक वारसा मुंबईत, गिरगावला लागून असलेल्या लॅमिंग्टन रोडवर वाढला. तिथे रेडिओचे दुकान चालवणाऱ्या घरातल्या सात भावांनी हिंदीत भयपटांची परंपरा सुरू केली आणि १९९० मध्ये 'बंद दरवाजा' हा चित्रपट आणला. हिंदीतल्या व्हॅम्पायरपटांत त्याचे नाव आजही आधी घेतले जाते. हे दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहिले, की जुन्या 'ड्रॅक्युला'ची मोहिनी कशात आहे ते नेमके कळते. ती त्याच्या मांडणीत आहे. देश, धर्म आणि भाषा बदलली तरी ही मांडणी काम देते.

कादंबरीपासून पडद्यापर्यंत

ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. ट्रान्सिल्व्हेनियातल्या डोंगरी किल्ल्यात राहणारा एक सरदार माणसांचे रक्त पिऊन शतकानुशतके जगतो आणि जहाजाने इंग्लंडला येतो, अशी ही कथा. जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ यांनी १९२२ मध्ये हक्क न घेताच तिच्यावर 'नोस्फेराटू' हा मूकपट काढला. १९३१ मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने बेला लुगोसीला घेऊन बोलपट काढला. दोन्ही कृष्णधवल होते. लुगोसीचा ड्रॅक्युला संथ लयीत बोलणारा आणि नाटकी होता. पुढे पुढे तर विनोदी चित्रपटांतही त्याची वर्णी लागली आणि भीतीची धार बोथट झाली.

हॅमर ही मुळात दोन कुटुंबांची कंपनी होती. विल्यम हाइंड्स हे रंगमंचावर 'विल हॅमर' या नावाने वावरत, त्यावरून कंपनीचे नाव पडले. पुढची सूत्रे त्यांचा मुलगा अँथनी आणि कॅरेरास कुटुंब यांच्याकडे होती. थेम्स नदीकाठी ब्रे या गावी एक जुना बंगला घेऊन त्याचाच स्टुडिओ करण्यात आला. १९५७ मध्ये 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन' हा रंगीत भयपट चांगलाच चालला आणि त्याच चमूने लगेच 'ड्रॅक्युला' हाती घेतला.

खर्च बेताचा ठेवायचा होता. त्यामुळे पटकथाकार जिमी सँगस्टर यांनी कादंबरीला कात्री लावली. जहाज गेले, समुद्रातले वादळ गेले, इंग्लंडही गेले. सारे कथानक मध्य युरोपात, घोडागाडीने गाठता येईल एवढ्या अंतरातल्या दोन घरांत बसवले. एक ड्रॅक्युलाचा किल्ला, दुसरे होमवूड कुटुंबाचे सुखवस्तू घर. पिशाच्च वटवाघूळ किंवा लांडगा होते, ही समजूतही सँगस्टरनी ड्रॅक्युलाशी लढणाऱ्या डॉक्टर व्हॅन हेल्सिंगच्या तोंडून खोडून टाकली. त्यामुळे तशा दृश्यांचा खर्च वाचला. या काटछाटीचा खरा फायदा मात्र कथेला झाला. धोका दूरच्या देशातून न येता शेजारून येऊ लागला, आणि कुठेही रेंगाळायला जागा उरली नाही.

भीतीची मांडणी

श्रेयनामावली संपता संपता ड्रॅक्युलाचे नाव कोरलेल्या शवपेटीवर ताज्या रक्ताचे थेंब पडतात. तोवर पडद्यावरच्या ड्रॅक्युलाचे रक्त काळेच दिसत आले होते. इथे ते तांबडेभडक होते. छायाचित्रकार जॅक अॅशर यांनी गडद निळ्या-जांभळ्या सावल्यांत लाल रंग राखून वापरला, त्यामुळे तो आला की नजर तिथेच खिळते. संगीतकार जेम्स बर्नार्ड यांनी 'ड्रॅ-क्यु-ला' या उच्चारावरच तीन स्वरांची धून बांधली. शब्द न उच्चारता वाद्यवृंद ते नाव पुकारत राहतो.

ड्रॅक्युलाचा पहिला प्रवेश हा या चित्रपटाचा नमुनेदार प्रसंग आहे. जिन्याच्या माथ्यावर एक उंच काळी आकृती दिसते. संगीत चढते आणि प्रेक्षक दचकायच्या तयारीत बसतो. आकृती झपाझप जिना उतरून उजेडात येते, तर समोर एक देखणा, अदबशीर यजमान उभा! तो पाहुण्याची विचारपूस करतो, त्याचे सामान उचलून खोली दाखवतो. थोड्या वेळाने हाच माणूस दारात उभा राहतो तेव्हा त्याचे डोळे रक्ताळलेले असतात, सुळे बाहेर आलेले असतात. सभ्यपणा आणि हिंस्रपणा एकाच शरीरात आहे, हे दोन प्रसंगांत ठसते. त्या पहिल्या भेटीनंतर ली चित्रपटभर एक शब्दही बोलत नाही. पडद्यावर तो येतोही मोजकाच वेळ. उरलेला काळ त्याची वाट पाहण्यात जातो, आणि ती वाट पाहणे हीच भीती ठरते.

दुसरी गोष्ट घराची. लुसी ही तरुणी आजारी पडते, दिवसेंदिवस फिकी होत जाते. घरच्यांना वाटते, औषध लागू पडत नाही. रात्री मात्र तीच उठून खिडकी उघडते, गळ्यातला क्रूस काढून ठेवते आणि पलंगावर पडून वाट पाहते. पुढे तिची वहिनी मिना एका रात्रीनंतर घरी परतते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नसतो. उलट एक चोरटे हसू असते. पुरुष मंडळी घराभोवती रात्रभर पहारा देतात, आणि ड्रॅक्युलाची शवपेटी त्याच घराच्या तळघरात निघते. प्रतिष्ठित घरात दबलेल्या इच्छा आणि त्यांना वाट करून देणारा परका, हा सारा मामला १९५८ च्या इंग्लंडमध्ये उघड बोलण्याजोगा नव्हता. भुताच्या गोष्टीच्या आडून तो बोलता आला.

तिसरी गोष्ट शेवटाची. पीटर कुशिंग यांचा व्हॅन हेल्सिंग हा शांत, अभ्यासू डॉक्टर. अखेरच्या झटापटीत तो मेजावरून धावत जाऊन खिडकीवर झेप घेतो आणि जड पडदा खाली ओढतो. सूर्याचा झोत पडताच दोन मेणबत्तीदाने एकमेकांवर आडवी धरून तो क्रूस तयार करतो आणि ड्रॅक्युलाला उजेडात रेटतो. मेणबत्तीदानांची कल्पना कुशिंग यांचीच. श्रद्धेला बुद्धीची आणि चपळाईची जोड मिळाली की वाईटाचा पाडाव होतो, असा हा रोखठोक न्याय आहे.

ब्रिटनमध्ये चित्रपटाला सोळा वर्षांखालच्यांना मनाई करणारे 'एक्स' प्रमाणपत्र मिळाले आणि सेन्सॉरने काही तुकडे कापले. जपानमध्ये गेलेल्या प्रतीत यांतले काही राहिले होते. त्या प्रतीची जळितातून बचावलेली रिळे टोकियोच्या राष्ट्रीय चित्रपट केंद्रात सापडली आणि मिनाच्या खोलीतला प्रसंग व ड्रॅक्युलाची राख होतानाची काही दृश्ये २०१२ च्या जीर्णोद्धारात पुन्हा जोडली गेली. अर्धशतकानंतर काही सेकंदांच्या चित्रफितीसाठी एवढा खटाटोप होतो, यावरूनही या चित्रपटाची पकड कळते.

भूत इथले, भूत तिथले

महाराष्ट्रात भुतांची वाण कधीच नव्हती. पिंपळावरचा मुंजा, विहिरीकाठची हडळ, वेताळ, समंध, खवीस, ब्रह्मराक्षस अशी मोठी जमात कोकणातून आणि घाटावरून गिरण्यांत कामाला आलेल्या माणसांबरोबर परळ-लालबागच्या चाळींतही पोचली. पण या भुतांना जागा ठरलेली असते, अडलेली इच्छा असते, आणि नारळ, कोंबडे किंवा दहीभाताच्या उताऱ्यावर त्यांची समजूतही पटते. ड्रॅक्युलाचे तसे नाही. तो जमीनदार आहे, त्याला शरीर आहे, पाहुणचार करण्याची रीत आहे, आणि त्याच्याशी तडजोड होत नाही.

हिंदी चित्रपटांत तर भूत बहुधा खोटेच निघे. कमाल अमरोहींचा 'महल' (१९४९), बिरेन नाग यांचा 'बीस साल बाद' (१९६२), राज खोसलांचा 'वो कौन थी' (१९६४) या चित्रपटांत धुके, पडका वाडा, दूरवरून येणारे गाणे असा सगळा साज होता. अखेरीस मात्र एखाद्या माणसाचा कट किंवा बनाव उघडकीस येई. भूत खरेच आहे, ते दिसते आणि मारते, असे सांगणारा हिंदी चित्रपट रुजायचा होता. शेजारच्या लाहोरमध्ये १९६७ साली ख्वाजा सरफराज यांनी 'जिंदा लाश' काढला होता. हॅमरचा 'ड्रॅक्युला'च त्यात उर्दूत, गाण्यांसह उतरवला होता; फक्त पिशाच्च झाला होता प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ.

लॅमिंग्टन रोडचे रॅमसे

फतेहचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांच्या तोंडी त्यांच्या आडनावाचे 'रॅमसे' झाले. फाळणीनंतर ते मुंबईत आले आणि लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, त्यांनी पुन्हा दुकान थाटले. ऑपेरा हाउसकडून मुंबई सेंट्रलकडे जाणारा हा रस्ता रेडिओच्या सुट्या भागांसाठी जितका प्रसिद्ध, तितकाच चित्रपटांसाठी. मिनर्व्हा, अप्सरा, स्वस्तिक, नाझ ही चित्रपटगृहे याच पट्ट्यात होती, आणि नाझच्या इमारतीत वितरकांची कार्यालये. चित्रपट विकला जाण्याचा बाजारच दुकानापासून चालत जाण्याइतका जवळ होता.

रॅमसेंनी 'रुस्तम सोहराब' (१९६३) सारखे चित्रपट काढून पाहिले. 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (१९७०) पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात त्या प्रसंगाला प्रेक्षक सरसावून बसतात, हे तुलसी आणि श्याम या मुलांच्या लक्षात आले. मग घरानेच भयपट काढायचे ठरवले. जोसेफ मॅसेली यांचे छायाचित्रणावरचे पाठ्यपुस्तक घेऊन वडिलांनी मुलांना श्रीनगरला हाउसबोटीवर नेले आणि तिथे त्यांची तालीम झाली. कुमार पटकथा लिहू लागले, गंगू आणि केशू कॅमेऱ्याकडे वळले, किरण ध्वनीकडे, अर्जुन संकलनाकडे. दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांचे. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) महाबळेश्वरला चित्रित झाला. नटमंडळी फारशी नावाजलेली नव्हती आणि युनिटच्या जेवणाखाण्याचे बघायलाही घरचीच माणसे होती. चित्रपट चालला.

हॅमर आणि रॅमसे यांच्यातले पहिले साम्य इथेच दिसते. दोघांकडेही घरची माणसे, छोटे अंदाजपत्रक आणि आयती वास्तू होती. हॅमरकडे ब्रेचा बंगला होता आणि एका चित्रपटाचे सेट रंग बदलून ते दुसऱ्यात वापरत. रॅमसेंनी महाराष्ट्रातले जुने वाडे आणि विश्रामगृहे हेरली. 'पुराना मंदिर' (१९८४) मधली भयाण हवेली म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या मुरुडचा, जंजिऱ्याच्या नवाबांचा राजवाडा. स्टुडिओत लाखो रुपये ओतूनही न मिळणारी अवकळा तिथे समुद्रवाऱ्याने आधीच आणून ठेवली होती.

'बंद दरवाजा'

'पुराना मंदिर'मधला सामरी हा राक्षसी मांत्रिक. त्याचे शिर एका पेटीत साखळदंडांनी जखडलेले आणि धड दुसरीकडे पुरलेले. ही भूमिका अजय अगरवाल यांनी केली होती. अनिरुद्ध या नावानेही ओळखले जाणारे हे नट रुरकीला शिकलेले इंजिनिअर, सहा फुटांहून बरेच उंच, आणि कोरीव, रुंद चेहऱ्याचे. 'बंद दरवाजा'त तेच नेवला नावाचे पिशाच्च झाले. काळा झगा, शवपेटी, मानेवरचा चावा, नजरेने भारून टाकणे आणि कमीत कमी शब्द हे सगळे थेट लीच्या ड्रॅक्युलाकडून आलेले. सँगस्टरनी वगळलेले वटवाघूळ मात्र रॅमसेंनी परत आणले. इथल्या प्रेक्षकाला चमत्कार हवा होता.

खरा फरक कथेच्या मुळाशी आहे. हॅमरच्या चित्रपटात ड्रॅक्युला सुडाने आणि भुकेने येतो. 'बंद दरवाजा'त त्याला घरातूनच बोलावणे जाते. ठाकूर घराण्यात मूल होत नाही. मोलकरीण ठकुराईनला काळ्या पहाडीवरच्या नेवल्याकडे घेऊन जाते. अट अशी की मुलगा झाला तर तुमचा, मुलगी झाली तर नेवल्याची. मुलगी होते, ठकुराईन शब्द फिरवते, ठाकूर जाऊन नेवल्याला संपवतो, आणि पुढच्या पिढीत तेच देणे फेडायची वेळ येते. नवस बोलायचा, फळ मिळाल्यावर तो चुकवायचा आणि मग कोप ओढवून घ्यायचा, ही गोष्ट ज्या समाजात घरोघरी ठाऊक आहे, तिथे परदेशी पिशाच्चाला अशी वाट सापडली.

बाकीचे बदल त्याच ओघात झाले. डोंगरी किल्ल्याच्या जागी काळी पहाडी, होमवूडच्या घराच्या जागी ठाकुराची हवेली. रॅमसेपटांत एरवी क्रूसाचे काम त्रिशूळ आणि ओम करतात. डॉक्टर व्हॅन हेल्सिंगला मात्र सरळ पर्याय मिळाला नाही. रॅमसेंच्या चित्रपटांत एकटा पंडित लढत नाही. घरचे, मित्र, प्रियकर मिळून लढतात आणि निकाल देवाच्या हाती असतो. हॅमरमधली बुद्धीची बाजू इथे उणी पडली आणि भक्तीची वाढली.

एक भर मात्र अस्सल मुंबईची होती. गाणी, मारामारी आणि विनोदी उपकथानक यांशिवाय हिंदी चित्रपट वितरकाला दाखवायची सोय नव्हती. 'पुराना मंदिर'मध्ये जगदीप आणि ललिता पवार यांनी 'शोले'चे विडंबनच केले आहे. समीक्षकांनी अशा मिश्रणाला नाके मुरडली. चित्रपटगृहात मात्र त्याचा हिशोब बरोबर लागे. बाल्कनीपासून स्टॉलपर्यंत आधी हशा, मग किंकाळी, मग स्वतःच्याच किंकाळीवर पुन्हा हशा. भयपट हा घोळक्याने पाहायचा प्रकार आहे, हे लॅमिंग्टन रोडच्या व्यापाऱ्यांना पुरते उमगले होते. हॅमरच्या 'एक्स'सारखाच इथला 'ए' शिक्काही जाहिरातीच्या कामी आला.

मोहिनी कशाची?

पुढे व्हिडिओ आणि केबल आले आणि एकपडदा चित्रपटगृहांचा प्रेक्षक ओसरला. रॅमसे १९९३ मध्ये 'झी हॉरर शो' घेऊन दूरचित्रवाणीवर गेले आणि भीती दिवाणखान्यात आली. हॅमरचेही असेच झाले होते. लीने १९७३ पर्यंत हॅमरसाठी सात वेळा ड्रॅक्युला केला. कथा पातळ होत गेल्या आणि कंपनीचा भर ओसरला. दोन्हीकडे कौतुक उशिरा आले. परदेशी संग्राहकांसाठी 'पुराना मंदिर' आणि 'बंद दरवाजा'च्या डीव्हीडी निघाल्या, आणि शाम्य दासगुप्ता यांनी २०१७ मध्ये रॅमसेंवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. तुलसी २०१८ मध्ये आणि श्याम २०१९ मध्ये निवर्तले, तेव्हा एकेकाळी त्यांना हिणवणाऱ्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर आदराने लिहिले.

मराठी वाचकाला हे पिशाच्च पुस्तकातूनही भेटले. नारायण धारप यांची 'लुचाई' ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे, आणि किंग यांचे त्या कादंबरीतले पिशाच्च स्टोकरच्याच वंशातले. अलीकडे आदित्य सरपोतदार यांनी 'मुंज्या'मध्ये (२०२४) कोकणातले भूत पडद्यावर आणले आणि ते मोठ्या प्रमाणावर चालले. म्हणजे आयात केलेले आणि घरचे अशी दोन्ही पिशाच्चे या प्रेक्षकाला चालतात. अट एवढीच की पडद्यावर ती खरी असली पाहिजेत.

१९५८ चा 'ड्रॅक्युला' आज पाहिला तर त्यातला साधेपणा, रंगवलेले किल्ले आणि नाटकी पोशाख जुने वाटतात. घाबरवण्याच्या बाबतीत तर आजचा कोणताही चित्रपट त्याच्या पुढे जाईल. टिकली ती त्याची चौकट. एक घर, त्यात कुणीतरी मनोमन उघडे ठेवलेले दार, दारातून येणारा देखणा वैरी, त्याला क्षणभरच दाखवून उरलेला वेळ प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोडण्याचा संयम, आणि शेवटी उजेडात होणारा निवाडा. या चौकटीत इंग्रजांनी व्हिक्टोरियन घरातली घुसमट बसवली, लाहोरने विज्ञानाचा उन्माद बसवला आणि लॅमिंग्टन रोडच्या भावांनी चुकवलेला नवस बसवला. प्रत्येक वेळी तिने वजन पेलले, म्हणून मूळ चित्रपट अजूनही पाहिला जातो.